कुंडींतला पुदिना

मंडईंतून कोथिंबिरीबरोबर पुदिन्याची एखादी जुडी घरीं येते. चटणीपुरतीं चार काड्यांचीं पानें खुडलीं जातात, उरलेली जुडी कागदांत गुंडाळून शीतकपाटांत पडते, आणि चौथ्या-पांचव्या दिवशीं ती काळी व चिकट होऊन केराच्या टोपलींत जाते. कोथिंबीर रोज लागते म्हणून ती संपते. पुदिना आठवड्यांतून एकदां, आणि तोहि मूठभर लागतो, म्हणून तो नासतो. जी वस्तु थोडीच पण अगदीं ताजी हवी, ती घरच्या कुंडींत असावी हें ओघानेंच येतें. म्हणून शहरांतल्या पुष्कळ बिऱ्हाडांच्या सज्जांत तुळशीच्या शेजारीं पुदिन्याची एक कुंडी केव्हां ना केव्हां येऊन बसतेच. ती किती दिवस टिकते, हा प्रश्न निराळा.

या कुंडीचा इतिहास बहुतेक घरीं एकच असतो. जुडींतल्या चार काड्या मातींत खोंचल्या जातात. पंधरवड्यांत त्यांना नवीं पानें फुटतात. दुसऱ्या महिन्यांत कुंडी हिरवीगार होऊन कांठावरून ओसंडूं लागते आणि घरांत येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकानें दाखविली जाते. पुढें हळूहळू पानें लहान होतात, काड्या बारीक व उंच होतात, मधला भाग उघडा पडतो, आणि उन्हाळा तोंडावर आला कीं सर्वच झाड वाळूं लागतें. मग कोणी पाणी वाढवितो, कोणी पाणी कमी करतो, कोणी खत घालतो. शेवटीं दोष घराच्या माथीं येतो.

पुण्यास सदाशिव पेठेंतील एका घरीं असाच तिसऱ्यांदां लावलेला पुदिना फाल्गुनांत सुकूं लागला. सूनबाईंनीं कुंडी उचलून जिन्याखालीं नेऊन ठेवली व सासूबाईंस म्हटलें, “आई, आतां पुन्हां लावायचा नाहीं. हा आपल्या घराला लाभतच नाहीं.” सासूबाई जुन्या वाड्यांत वाढलेल्या. विहिरीच्या पाटाच्या कडेला पुदिन्याचें रान माजलेलें त्यांनीं लहानपणीं पाहिलें होतें. त्या म्हणाल्या, “अग, तिथं तर त्याला कुणी विचारतसुद्धां नव्हतं. तूं इतकं जपतेस, तरी हा असं कां करतो?” इमारतीच्या बागेचें काम पाहणारा माळी त्या वेळीं तेथेंच होता. त्यानें कुंडी आडवी केली, कांठावर दोन थापा दिल्या आणि मातीचा गोळा सबंध बाहेर काढून दाखविला. गोळ्याच्या मध्यभागीं चार वाळक्या काड्यांवांचून कांहीं नव्हतें. परंतु बाहेरच्या अंगास, जेथें माती कुंडीच्या भिंतीला टेकते तेथें, सुतळीएवढ्या जाडीच्या पांढुरक्या दोऱ्या एकावर एक वेटोळीं घालून बसल्या होत्या, आणि त्यांना जागोजागीं बारीक कोंब होते. “आजी, झाड मेलं नाहीं,” माळी म्हणाला. “चालत चालत भिंतीशीं आलंय आणि तिथं अडकलंय.”

माळ्याचें हें म्हणणें वनस्पतिशास्त्रास सर्वस्वीं धरून आहे. पुदिना आणि तुळस हीं एकाच कुळांतलीं. सब्जा आणि पानओवा हेहि त्याच घराण्यांतले. पुदिन्याची काडी दोन बोटांत धरून फिरवली तर ती गोल नसून चौकोनी असल्याचें कळतें, तशीच तुळशीचीहि. दोहोंचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, आणि पानांवर सुगंधी तेलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात; पान चुरडलें कीं त्या फुटतात आणि वास दरवळतो. येथपर्यंत साम्य आहे. परंतु स्वभाव पाहिला तर तुळस ही एका जागीं बसणारी आणि पुदिना हा फिरता. तुळस जागेवर मूळ धरते, मंजिऱ्या धरते आणि बीं टाकते. पुदिना जमिनीलगत व जमिनीखालून आडव्या फांद्या सोडतो. उसाच्या कांड्यावर असतात तशा त्या फांदीवर गांठी असतात. प्रत्येक गांठीस खालून मुळें फुटतात आणि वरून कोंब येतो. कांहीं महिन्यांनीं मूळची काडी जून होऊन मरते, तोंवर तिचीं पोरें हातभर पुढें गेलेलीं असतात. ओढ्याच्या किंवा पाटाच्या कडेला त्यास नवी ओली माती सतत मिळते, म्हणून तेथें तो वर्षानुवर्षें हिरवा दिसतो. पण आज दिसणारा पुदिना मागच्या वर्षींच्या जागीं बहुधा नसतोच. फूटभर रुंदीच्या कुंडींत हा प्रवास दोनतीन महिन्यांत संपतो. ज्या झाडास जपावयाचें म्हणून हात लावला जात नाहीं, तें झाड त्या जपणुकीनेंच कोंडलें जातें.

विलायतेंतल्या बागवानांना याच्या उलट अडचण येते. तेथें पुदिना वाफ्यांत लावला तर शेजारच्या रोपांच्या मुळांत घुसतो. म्हणून पुष्कळ जण बिनबुडाची बादली जमिनींत पुरून तिच्यांत तो लावतात. इकडेहि हौसेनें तुळशीवृंदावनांत पुदिना खोंचणारीं माणसें आहेत. तसें करूं नये. वर्षभरांत वृंदावन पुदिन्याचें होतें आणि तुळस निस्तेज होते. पुदिन्यास स्वतंत्र कुंडी द्यावी.

आतां लागवडीकडे वळूं. पुदिन्याचें बीं विकत मिळतें, परंतु त्याच्या नादीं लागूं नये. या वनस्पतीच्या निरनिराळ्या जातींचा आपसांत सहज संकर होतो, त्यामुळें बियांतून येणारें रोप आईसारखें निघेलच असें नाहीं. पेपरमिंटचें झाड तर स्वतःच संकरज आहे आणि त्यास बहुधा बींच धरत नाहीं. काडी लावणें हाच सोपा व खात्रीचा मार्ग होय. त्यासाठीं मंडईंतल्या जुडींतून अगदीं कोंवळ्याहि नव्हेत आणि लांकडासारख्या टणकहि नव्हेत अशा पांचसहा काड्या निवडाव्या. खालच्या गांठीशीं पांढरीं टोंकें दिसत असतील तर उत्तमच. टोंक गांठीच्या किंचित् खालीं कापावें, खालचीं पानें काढून टाकावीं आणि काडी बोटभर पाण्यांत राहील अशा बेतानें कांचेच्या पेल्यांत उभी करावी. पाण्यांत एकहि पान बुडालेलें नसावें. तें कुजतें आणि त्याबरोबर काडीहि जाते. पाणी रोज बदलावें. आठदहा दिवसांत गांठींतून मुळें सुटतात आणि तीं दोन बोटें लांब झालीं म्हणजे काड्या मातींत लावाव्या. कित्येक घरीं पेलाच महिनोन्महिने खिडकींत ठेवतात. तो दिसतो सुंदर, पण नुसत्या पाण्यांत अन्न नसल्यामुळें झाड आपल्याच जुन्या पानांवर जगतें आणि फिकटतें. जुडीवर औषध मारलेलें असण्याचा संभव असल्यानें काडीवरचीं मूळचीं पानें खाऊं नयेत. मातींत फुटलेल्या नव्या पानांपासून आरंभ करावा.

कुंडी निवडतांना बहुतेकांची चूक होते. उंच आणि अरुंद कुंडी गुलाबास ठीक. पुदिन्याचीं मुळें उथळ असतात आणि त्याला हवी असते ती रुंदी. सातआठ इंच खोल आणि फूट-दीड फूट रुंद असें पसरट भांडें, मग तें मातीचें असो, जुना टब असो वा लांकडी खोकें असो, त्यास मानवतें. तळाशीं भोंकें मात्र पाहिजेत आणि त्यांवर खापरीचे तुकडे पालथे घालावे. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत अथवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू, एवढें मिश्रण पुरे. देशावरची निव्वळ काळी माती कुंडींत वापरूं नये. ओली असतां ती चिखल होते आणि वाळली कीं भेगा पडून मुळें तुटतात.

उन्हाविषयीं पुस्तकें वाचून फसगत होण्याचा संभव आहे, कारण तीं बहुधा थंड देशांत लिहिलेलीं असतात आणि पुदिन्यास भरपूर ऊन द्या म्हणून सांगतात. लंडनचें ऊन आणि नागपूरचें ऊन एक नव्हे. महाराष्ट्रांत सकाळचें तीनचार तासांचें ऊन आणि दुपारीं सावली ही व्यवस्था सर्वांत चांगली. म्हणजे पूर्वेचा सज्जा असेल तर प्रश्नच मिटला. पश्चिमेचा सज्जा असेल तर मोठ्या झाडाच्या कुंडीआड पुदिना ठेवावा. मुळींच ऊन नसलेल्या खिडकींत तो जगतो, परंतु काड्या लांबट होतात आणि वास उतरतो.

पाणी हा पुदिन्याचा प्राण आहे. पण ओल आणि साचलेलें पाणी यांत फरक आहे. बोट मातींत पेरभर घालून पाहावें. कोरडें लागलें तर पाणी द्यावें, ओलसर लागलें तर थांबावें. ही परीक्षा घड्याळापेक्षां खरी. हिंवाळ्यांत दिवसाआड पाणी पुरतें, वैशाखांत सकाळ-संध्याकाळ द्यावें लागतें, आणि मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत उलट कुंडी आडोशास घ्यावी लागते. दुपारीं पानें माना टाकतात तें पाहून घाबरूं नये. संध्याकाळीं तीं आपोआप उभीं राहिलीं तर झाडाची तक्रार उन्हाची होती. उभीं न राहिलीं तर पाण्याची.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ओल टिकावी म्हणून कुंडीखालीं ताटली ठेवतात आणि तिच्यांत पाणी साचूं देतात. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, उथळ, घरालगतच्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. तेव्हां ताटली नसलेली बरी. शेजाऱ्याच्या सज्जांत पाणी गळतें म्हणून ती ठेवणें भागच असेल तर रोज ओतावी आणि आठवड्यांतून एकदां घासून कोरडी करावी, कारण अंडीं ताटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि नुसतें पाणी ओतल्यानें जात नाहींत. चटणीच्या हौसेपायीं घरांत ताप आणणें हा फार महाग सौदा आहे.

झाड वीतभर उंच झालें म्हणजे कापणी सुरू करावी. बहुतेक घरीं लागेल तसें एकेक मोठें पान ओरबाडतात; त्यामुळें खालीं नागडी काडी राहते आणि शेंड्याशीं चार पानें लोंबतात. तसें न करतां सबंध शेंडा कापावा. काप पानांच्या जोडीच्या लगेच वर घ्यावा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांत एकेक डोळा निजलेला असतो. वरचा शेंडा असेपर्यंत तो जागा होत नाहीं, आणि शेंडा गेला कीं दोन्ही डोळे फुटतात. एका शेंड्याचे दोन होतात, दोहोंचे चार. म्हणजे ज्या घरीं पुदिना खाल्ला जातो त्याच घरीं तो दाट होतो, आणि जेथें तो शोभेसाठीं राखला जातो तेथें विरळ. एका वेळीं झाडाचा तिसरा भाग कापला तरी चालतो. खालीं पानांच्या दोन जोड्या राहिल्या म्हणजे झालें. कापणी सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं करावी. चटणी वाटतांना पानें हवेच्या संपर्कानें काळवंडतात, म्हणून लिंबाचा रस किंवा कैरीची फोड आरंभींच घालावी. शिजणाऱ्या पदार्थांत पुदिना अगदीं शेवटीं टाकावा, कारण त्याचें सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातें.

कापणीनें झाड दाट होतें, परंतु भिंतीशीं अडकलेल्या दोऱ्या त्यामुळें सुटत नाहींत. त्यासाठीं वर्षांतून निदान दोनदां कुंडी मोडली पाहिजे. एकदां माघांत, उन्हाळ्यापूर्वीं, आणि दुसऱ्यांदां पावसाळा संपल्यावर आश्विनांत. मोठ्या टबांत असलेल्या पुदिन्यास हें पुरतें. लहान कुंडीस तीनचार महिन्यांनीं करावें लागतें. सदाशिव पेठेंतल्या त्या माळ्यानें तेंच केलें. गोळ्याची मधली माती त्यानें झाडाच्या वाळक्या भागासह टाकून दिली. भिंतीलगतच्या पांढऱ्या दोऱ्या सोडवून त्यांचे बोट-दीड बोट लांबीचे, प्रत्येकीं दोनतीन गांठी असलेले तुकडे केले. नव्या मातींत ते आडवे मांडून वर जेमतेम बोटाच्या पेरभर माती पसरली आणि कुंडी आठवडाभर सावलींत ठेवण्यास सांगितलें. तीन आठवड्यांनीं त्याच कुंडींत हिरवे कोंब दाटले. उरलेल्या तुकड्यांच्या आणखी दोन कुंड्या झाल्या. त्यांपैकीं एक सासूबाईंनीं शेजारीं दिली. पुदिना लावणाऱ्यानें दुसऱ्या घरीं आपल्या झाडाची एक शाखा ठेवावी हें शहाणपणाचें आहे. आपली कुंडी गेली तर काडी मागावयास जागा राहते.

खताविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. रोजच्या पाण्याबरोबर कुंडींतलें सत्त्व वाहून जातें, म्हणून महिन्याकांठीं मूठभर गांडूळखत वरच्या मातींत कालवावें. खताचा अतिरेक केल्यास पानें मोठीं आणि लुसलुशीत होतात पण वास पाणचट लागतो. चहाची पूड घालण्याची चाल घरोघर आहे. ती घालावयाची तर धुऊन घालावी. दुधासाखरेसकट घातलेल्या पुडीनें मुंग्या आणि बुरशी यांचीच सोय होते.

कीड आली तर औषधाच्या बाटलीकडे धांव घेऊं नये, कारण हीं पानें कच्चीं खावयाचीं असतात. कोरड्या उन्हाळ्यांत पानांखालीं लाल कोळी नांवाचा अतिसूक्ष्म जीव होतो आणि पानें ठिपकेदार, धुरकट दिसूं लागतात. मावा कोंवळ्या शेंड्यांवर बसतो. दोहोंवर पाण्याचा जोरदार फवारा, आणि तो पानांच्या खालच्या अंगास, हा पहिला उपाय. अळी हातानें वेंचावी. तांबेरा मात्र वाईट. ही एक बुरशी आहे. तिच्या योगानें पानांच्या पाठीवर गंजासारखी नारिंगी-तपकिरी भुकटी दिसते आणि ती वाऱ्याबरोबर पसरते. अशा वेळीं दया न करतां सगळें झाड मातीलगत कापून तो पाला घराबाहेर फेंकावा, खताच्या खड्ड्यांत टाकूं नये. नवे कोंब स्वच्छ आले तर ठीक. त्यांवरहि तांबेरा दिसला तर कुंडी रिकामी करून, घासून, नवी माती आणि निराळ्या घरची काडी घ्यावी.

आपला पुदिना फुलत कां नाहीं, असा प्रश्न कित्येक जण विचारतात. पुदिन्याच्या पुष्कळ जातींना फुलण्यास मोठा दिवस लागतो. लंडनला आषाढांतला दिवस साडेसोळा तासांचा होतो. मुंबईस वर्षांतला सर्वांत मोठा दिवसहि सुमारें सव्वातेरा तासांचाच. फुलें आली नाहींत तर झाड आजारी आहे असें समजूं नये. आणि कधीं तुरा आलाच तर तो खुडावा, म्हणजे पानांचा जोर टिकतो.

पुदिना हा शब्द फारशींतून आला आहे. शास्त्रीय जगांत मेंथा स्पिकाटा हें नांव लिनियसनें १७५३ सालीं दिलें, आणि घरगुती कुंडींत बहुधा हीच जात असते. तिच्या वासांतला मुख्य पदार्थ कार्व्होन. मेंथॉल तिच्यांत नांवापुरतेंच. वाण्याकडे पेपरमिंटचें फूल म्हणून जे स्फटिक मिळतात तें मेंथॉल, आणि तें काढतात जपानी पुदिना या दुसऱ्या जातीपासून. उत्तर प्रदेशांत बाराबंकीच्या आसपास त्याचीं शेतेंच्या शेतें आहेत आणि लखनौच्या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संशोधन संस्थेनें त्याच्या ‘कोसी’सारख्या सुधारलेल्या जाती तयार केल्या आहेत. मेंथॉलचा थंडावा हा खरा थंडावा नव्हे. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोंकांना तें फसवितें. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनीं स्वतंत्रपणें मेंथॉलच्याच साहाय्यानें थंडी जाणणारा ग्राहक २००२ सालीं शोधून काढला, आणि स्पर्श व उष्णता जाणण्याविषयींच्या संशोधनाबद्दल त्यांना २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा भेद केवळ पंडिती नाहीं. कुंडींतलीं चार पानें ताकांत घातलीं तर कोणास अपाय होत नाहीं. पण तोच पुदिना समजून मेंथॉलचे स्फटिक, अर्क किंवा ते असलेलें मलम तान्ह्या मुलाच्या नाकाला वा छातीला चोळणें धोक्याचें आहे. त्या तीव्र वाफेनें बालकाचा श्वास एकाएकीं कोंडूं शकतो. दोन वर्षांच्या आंतील मुलांस हे पदार्थ लावूं नयेत.

राहतां राहिली मे महिन्याची सुटी. घर आठपंधरा दिवस बंद राहणार असेल तर निघण्यापूर्वीं पुदिना मातीपासून दोन बोटें ठेवून कापून टाकावा. पानें नसलीं म्हणजे पाणी कमी उडतें. कुंडी घरांत उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागीं ठेवावी, माती वाळक्या पानांनीं झांकावी, शेजारीं जरा उंचावर पाण्याची झांकलेली बादली ठेवून सुती जाड दोरीचें एक टोंक बादलींत व दुसरें मातींत खोल पुरावें. दोरी आधीं भिजवून घ्यावी, नाहींतर पाणी उतरत नाहीं. परत आल्यावर सर्व काड्या वाळलेल्या दिसल्या तरी कुंडी लगेच ओतूं नये. मातीखालच्या दोऱ्या पुष्कळदां जिवंत असतात आणि त्यांतून कोंब वर येण्यास आठदहा दिवस लागतात.